दिगूमामांचं प्रमाणित अंतर

हे कुणाला खरं वाटणार नाही. आजवर एकालाही वाटलेलं नाही, आणि ज्याला चटकन पटेल त्याला मी दुसरा चहा देणार नाही. पण मापाच्या बाबतीत आपण कधी सूतभर इकडचं तिकडे केलेलं नाही. तेव्हा ऐका.

एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, फलटणच्या रिंगरोडवर एका पेट्रोलपंपापाशी उभी असलेली विलासराव साळुंख्यांची मोटार आतून नऊ इंच लांब झाली. बाहेरून तेवढीच राहिली.

मोटारीत चार माणसं होती. स्टिअरिंगवर विलासराव. त्यांच्या शेजारी त्यांचे मेहुणे दिगंबर नलावडे, म्हणजे आपले दिगूमामा. मागे विलासरावांची बायको शकू, ती दिगूमामांची धाकटी बहीण, आणि शकूची मुलगी केतकी. केतकीचं लग्न ठरत होतं आणि मंडळी साड्या बघायला निघाली होती.

दिगूमामा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नाही. दिसायला माणूस रुबाबदार, पण ते ओळखायला नजर लागते. सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, पँट बेंबीच्या वर, सँडलमध्ये राखाडी मोजे, गळ्यात नाडीला अडकवलेला फोन, आणि पट्ट्याला चामड्याच्या पाकिटात पोलादी टेप. ही टेप ते झोपतानाच काढत, तीही उशाखाली ठेवायला.

तर विलासरावांनी काच खाली केली आणि पेट्रोल सांगितलं. दिगूमामा दार उघडून खाली उतरले.

"बाळ, ते पाच लिटरचं माप आण जरा."

"काका, मशीन डिजिटल आहे."

"असू दे डिजिटल. आपण मोजून घेऊ."

"मागं लाईन लागलीय, काका."

"मग लाईनीतल्या सगळ्यांच्याच फायद्याचं आहे."

माप आलं. दिगूमामांनी ते पालथं करून आतून पुसलं, शिक्का कोणत्या साली मारलाय ते चष्मा वर सरकवून वाचलं, सपाट जागी ठेवलं, आणि पेट्रोल भरल्यावर गुडघ्यावर बसून डोळा रेषेच्या पातळीत आणला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. एक जण चित्रीकरण करत होता.

"बरोबर!" दिगूमामा उठून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "वीस मिलीलिटरसुद्धा कमी नाही! शाब्बास!" आणि त्यांनी त्या पोराशी हस्तांदोलन केलं.

ते गाडीत येऊन बसले तेव्हा विलासराव स्टिअरिंगच्या मधोमध असलेल्या चिन्हाकडे बघत होते. शकू पर्समध्ये काहीतरी शोधत होती, जे पर्समध्ये नव्हतं. केतकीनं ओढणी चेहऱ्यावर घेतली होती. दिगूमामांनी पट्टा ओढला आणि त्यांच्या लक्षात आलं की विलासरावांचा कान, जो जाताना कोपराच्या अंतरावर होता, तो आता लांब गेलाय. त्यांनी टेप काढली. मोजलं.

"विलासराव, गाडी लांब झालीय. नऊ इंच."

"दादा, बसा गप."

"मागच्या सीटपर्यंत पण नऊ. सगळीकडे सारखी वाढलीय."

हे ऐकून शकूनं पर्स मिटली, आणि गाडी आणखी नऊ इंच वाढली.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. दिगूमामांना बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून मोजण्यासारखं नवीन काही हाती लागलं नव्हतं.

महिनाभरात त्यांनी नियम शोधून काढला. परक्या माणसाच्या हसण्यानं काही होत नाही. अख्खा बाजार खदाखदा हसला तरी बाजार आहे तिथेच राहतो. पण आपल्या माणसानं आपल्यामुळे मान खाली घातली की त्याच्या-आपल्यामधली जागा एक वीत वाढते. चक्क जमीन वाढते. फरश्या वाढतात, त्यांच्यामधलं सिमेंटही वाढतं. आपण जवळ सरकून बसलो तर तेवढा वेळ जवळ, उठून परत बसायला गेलो की पुन्हा पूर्वीचंच अंतर.

शकूच्या घरी दर रविवारी दिगूमामा जेवायला जात. आषाढ संपता संपता जेवणाचं टेबल चौतीस फुटांचं झालं. "दादा, आणखी एक पोळी वाढू का?" हे शकू फोनवर विचारू लागली. विलासराव टेबलाच्या पलीकडच्या टोकाला एवढेसे दिसत आणि त्यांना लागलेला ठसका आधी दिसायचा, मग ऐकू यायचा. वरणाची वाटी घेऊन केतकी टेबलावर चढायची आणि चालत मामांपर्यंत यायची.

"तुझं माझं अंतर किती आहे, माहितीय?" मामा तिला म्हणायचे. "फक्त अकरा विती. तुझ्या आईचं बघ, बापाचं तर बघूच नकोस. अकरा म्हणजे काहीच नाही."

"मामा, तू मोजायचं बंद कर ना. हे अजिबात कूल नाहीये."

"बारा," मामा म्हणायचे.

या अकरा-बाराचा त्यांना फार अभिमान होता. त्याला कारणही होतं. केतकी सात वर्षांची असताना सुट्टीत मामांबरोबर आठवडे बाजारात यायची. पितळी वजनांची लाकडी पेटी, मखमलीच्या खळग्यांची, ती दोन्ही हातांनी छातीशी धरून पुढे चालायची. मामा तराजू तपासायचे आणि ती घारीसारखी टक लावून बघायची, दुकानदाराचा अंगठा पारड्याला कुठे लागतोय का. "मामा, अंगठा!" ती ओरडायची, आणि अख्खी भाजीवाल्यांची ओळ अंगठे उचलायची. त्या पेटीला तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लग्नात आपल्या मागे मामाच उभा राहणार, हे तिनं तेव्हाच जाहीर करून ठेवलं होतं. मागे मामा उभा असल्याशिवाय अंतरपाट खाली घेत नाहीत, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि मापाइतकंच तेही तिनं पक्कं धरलं.

मग साखरपुडा झाला.

नवरा मुलगा अन्वय घोरपडे. मुलगा चांगला, हसरा, पुण्यात नोकरीला. स्थळाच्या कागदावर उंची लिहिली होती पाच फूट दहा इंच. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, आणि फोटोसाठी सगळे उभे राहिले तेव्हा दिगूमामांनी नुसतं एकदा त्याच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांची सवय. मापात खोट असली की त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी उडायची.

"जावईबापू, चप्पल काढून भिंतीला टाचा लावा बरं."

मुलाला वाटलं काही विधी असेल. त्यानं टाचा लावल्या. दिगूमामांनी त्याच्या डोक्यावर पत्रिकेचं पाकीट आडवं धरलं, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, टेप सोडली.

"पाच फूट साडेआठ," ते म्हणाले, आणि हॉलमध्ये दीडशे माणूस होतं. "कागदावर दीड इंच जास्त लिहिलाय. काही हरकत नाही. दुरुस्त करून सही करा म्हणजे झालं."

घोरपड्यांचे म्हातारे आजोबा तेवढे टाळ्या वाजवून म्हणाले, "मी सांगतच होतो!" केतकीनं आधी अन्वयकडे बघितलं, मग भिंतीवरच्या खुणेकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

त्या दिवशी दिगूमामांना हॉलच्या दारापर्यंत चालत जायला वीस मिनिटं लागली.

"माफी माग, दादा," शकू फोनवर म्हणाली. आता ती त्यांच्याशी एकाच खोलीतूनसुद्धा फोनवरच बोलायची, दुसरा इलाज नव्हता. "अन्वयच्या आईची माग."

"माप चुकलं असेल तर मागतो. चुकलं का?"

"तो प्रश्नच नाहीये!"

"मापात दुसरा प्रश्न नसतो, शकू."

आणि इथे नियमाचं दुसरं कलम बाहेर आलं. प्रसंग घडताना जसं अंतर वाढतं, तसंच तो नुसता आठवला तरी वाढतं. पुढे काय होईल या भीतीनंही वाढतं. शकू भांडी लावताना थांबायची, 'हळदीला काय करतील हे!' असं मनात यायचं, आणि गल्लीपलीकडच्या दोन खोल्यांत बसलेल्या दिगूमामांना खिडकीतून बहिणीचं घर एक वीत मागे सरकताना दिसायचं. मुहूर्ताला काय करतील? वीत. विहिणीचं वजन विचारतील का? वीत, वीत. गणपती ते दिवाळी साळुंख्यांचं घर मागे मागे जात राहिलं, न डुगडुगता, बोटीसारखं.

"मी जागचा हललेलो नाही," दिगूमामा भेटेल त्याला अभिमानानं सांगायचे. "हलताहेत ते. वाटल्यास जमिनीवर खूण करून ठेवलीय, येऊन बघा."

दिवाळीनंतर शकू स्वतः आली. सकाळी निघाली ती दुपारी पोचली, घामाघूम. तिच्याबरोबर लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीतली एक मुलगी होती, सिया. तिच्या कानात यंत्र होतं आणि त्यात ती मधूनमधून 'ओके' म्हणत होती. सियानं पिशवीतून फिकट गुलाबी जाकीट आणि काळा गॉगल काढला.

"अंकल, सगळ्या फॅमिलीचा हाच लूक आहे. आणि एंट्रीला फक्त चार स्टेप्स. असं, असं, मग हात वर."

"आणि टेप?"

"टेप नको, अंकल."

शकू भावाचा हात धरून बसली. तिला त्यासाठी खुर्ची घेऊन किती फर्लांग सरकावं लागलं ते सांगत नाही. "दादा, पोरीच्या सुखासाठी. एक दिवस. तू मुहूर्ताला तिथपर्यंत पोचलाच नाहीस तर तिच्या मागं कोण उभं राहील?"

आता हे बरोबर होतं. अंतर असंच वाढत गेलं तर मुहूर्त गाठता येणार नाही, याचा हिशोब दिगूमामांनीही केला होता. ते उठले. टेप काढून कपाटात ठेवली, जाकीट घातलं, गॉगल लावला, आणि चार स्टेप्स करून हात वर केले.

घर झपाट्यानं जवळ आलं. पडदे फडफडले. बघता बघता विलासराव शेजारी उभे होते, त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होते, "वा, दादा! ओळखू येत नाही!" केतकी समोर होती, एका वितीवर. शकूनं पोह्यांची बशी थेट हातात दिली.

फक्त तो हात तिथे नव्हता. तो सहा साडेसहा फूट लांब, पंख्याच्या खाली होता. दिगूमामांनी नाक खाजवायचं ठरवलं तर हात तिकडून निघून बऱ्याच वेळानं आला आणि विलासरावांचं नाक खाजवून गेला. पाय दाराबाहेर पायपुसण्यावर उभे होते. पोह्यांचा चमचा तोंडाच्या दिशेनं निघाला खरा, पण तोंड कुठल्या दिशेला आहे हेच नक्की नव्हतं.

"मामा," केतकी त्यांच्या चेहऱ्याजवळ वाकून म्हणाली, "तू कुठे आहेस?"

"इथेच," मामांचा आवाज गॅलरीतून आला. "साधारण."

"कसं वाटतंय?"

"मधे बरीच जागा आहे."

केतकीनं हात पुढे केला, गॉगल काढू की नको अशा बेतानं, आणि आईकडे बघून मागे घेतला. मग दिगूमामांनी स्वतःच काढला. त्यासाठी हाताला तीनदा बोलवावं लागलं. गॉगल निघाला तसे ते स्वतःच्या अंगावर धपकन येऊन आदळले, आणि साळुंख्यांचं कुटुंब, शकूच्या तोंडातलं अर्धं 'अरे दा...' घेऊन, क्षितिजाकडे निघून गेलं.

दिगूमामांनी एकट्यानं बसून पोहे खाल्ले. दुसऱ्यापासून माणूस मैलभर लांब राहू शकतो, त्यात काही बिघडत नाही. स्वतःपासून साडेसहा फुटांवर राहून पोहे खाता येत नाहीत. त्यांनी टेप पुन्हा पट्ट्याला लावली आणि लग्नाच्या दिवशी किती वाजता निघायचं ते ठरवलं.

लग्न बायपासवरच्या मोठ्या कार्यालयात होतं, मुहूर्त बारा बेचाळीसचा. दिगूमामा सकाळी सहाला कार्यालयाच्या दारात हजर. सदरा तोच, पण इस्त्रीचा. मोजे नवे. आत बघितलं तर खुर्च्यांच्या दोन ओळी, मधे लाल जाजम, आणि जाजमाच्याही पलीकडे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी गुलाबी. ते बोहलं होतं.

ते टेपनं मोजत चालायला लागले. उजवीकडे पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीला गुलाबी फीत. डावीकडे तशाच. दर हजार पावलांवर एक मोठा पडदा लावलेला होता आणि त्यावर बोहल्यावरचं थेट दिसत होतं: फुलं लावताहेत, भटजी आसन झटकताहेत, सिया कुणाला तरी ओके म्हणतेय. साडेनऊला त्यांनी बरोबर आणलेली पोळी-भाजी खाल्ली. साडेदहाला जाजम संपलं आणि नुसती फरशी लागली, कारण कार्यालयाकडे एवढं लांब जाजम नव्हतं.

आणि बाराच्या सुमारास त्यांना चहाचा वास आला.

खुर्च्यांच्या मधे दहा-पंधरा माणसं गोल करून बसली होती. मधे स्टोव्ह. वाळत घातलेले टॉवेल. एका खुर्चीवर घोरपड्यांचे आजोबा, आप्पा, कवळी काढून रुमालावर ठेवलेली, खारी चहात बुडवत होते. दुसरीकडे शकूच्या जाऊबाई लीलाकाकू, ज्या प्रत्येक लग्नाला उरलेलं न्यायला घरून आठ डबे घेऊन येतात, त्या डब्यांची झाकणं जुळवत होत्या.

"या, या," आप्पा म्हणाले. "कुणाकडचे?"

"मुलीचा मामा."

"अरे, ते दीड इंचवाले! बसा की."

"आप्पा, तुम्ही इथे कसे? नातवाचं लग्न तिकडे आहे."

"निघालोय तिकडेच. साखरपुड्याला कवळी काढून ठेवली ना पेढा खाताना, तेव्हापासून चालतोय. मधे जरा बसलो." त्यांनी खारीचा तुकडा तोंडात टाकला. "तुमचं किती भरलं?"

"तुमचं?"

"आठशे मीटर," आप्पा सांगायला लागले तशी त्यांची छाती फुगली. "काकूंचं सहाशे दहा. इथे आजवर माझंच सगळ्यांत मोठं."

दिगूमामांनी चष्मा पुसला. "सव्वाचार किलोमीटर. अठरा हजार पाचशे एक्क्याण्णव विती. मोजून आणलंय."

लीलाकाकू उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची पदरानं पुसून दिगूमामांना दिली. एका गृहस्थांनी, जे लग्नाच्या पंक्तीत स्वतःच्या कविता म्हणत, त्यांच्या पायाला हात लावला.

"सव्वाचार," आप्पा हळूच म्हणाले. "एवढं कमवायला आयुष्य लागतं, मामा. इथेच राहा. चहा चांगला असतो."

सांगायला हरकत नाही, त्या खुर्चीत बसल्यावर दिगूमामांना जे वाटलं ते त्यांना खात्याच्या निरोप समारंभातही वाटलं नव्हतं. इथे गळ्याचं बटण लावलेली आणखी चार माणसं होती. कुणी पर्समध्ये शोधत नव्हतं. तासभर बसावं, दोन तास बसावं असं वाटत होतं. पण ते उठले.

"मुहूर्त आहे," ते म्हणाले. "ती वाट बघत असेल."

तेवढ्यात गळ्यातला फोन वाजला. सिया होती.

"अंकल, कुठपर्यंत आलात?"

"दोन किलोमीटर राहिलंय."

"ओके. मग आम्ही बॅकअप मामा उभा करतोय. फक्त फोटोपुरता. डोन्ट वरी."

"बॅकअप मामा?"

"प्रोफेशनल आहेत. खूप छान दिसतात. सहा फूट."

"मोजलंय?"

फोन बंद झाला. सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. केतकी बोहल्यावर आली होती. मुंडावळ्या बांधलेल्या, मान सरळ. तिच्या मागे एक दाढीवाला गृहस्थ येऊन उभा राहिला, गुलाबी जाकीट, गॉगल. तो खरंच छान दिसत होता. दिगूमामांच्या डाव्या डोळ्याची पापणी उडाली. पाच फूट अकरा.

भटजींनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मामा चालायला लागले, मग धावायला लागले. नव्या मोज्यांमुळे सँडल सटकत होती. मागून आप्पा ओरडत होते, लीलाकाकू डबे वाजवत होत्या. पडद्यावर विलासरावांनी घड्याळ बघितलं, शकूनं दाराकडे बघितलं आणि लगेच नजर खाली केली, आणि धावणाऱ्या दिगूमामांच्या पायाखालची फरशी नेमकी तेवढीच वाढली. एक पाऊल, एक वीत. एक पाऊल, एक वीत. भटजींची मंगलाष्टकं संपली. त्यांनी केतकीच्या मागे बघितलं, चष्मा खाली करून पुन्हा बघितलं, आणि विचारलं, "मुलीचे मामा हेच ना?"

केतकी दाराकडे बघत राहिली. भटजींनी खाकरून मंगलाष्टकं पहिल्यापासून सुरू केली.

आणि मग, मंडळी, आता कप खाली ठेवा. मग केतकीनं काय केलं? तिनं मुंडावळ्या बाजूला केल्या, सियाच्या हातातला माईक घेतला, आणि सहाशे पाहुण्यांसमोर, घोरपड्यांच्या तीन पिढ्यांसमोर, खणखणीत हाक मारली: "मामाऽऽऽ! मी थांबलेय! तुझ्याशिवाय अंतरपाट खाली येणार नाही!" झालं. ती हाक निघाली मात्र, अख्खं कार्यालय टेप सोडल्यासारखं सर्रकन मिटलं. खुर्च्या खुर्च्यांवर चढल्या, फरश्या फरश्यांखाली गेल्या, आणि दिगूमामा धावता धावता थेट तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, श्वाससुद्धा चढला नाही. गॉगलवाला मामा मांडवाबाहेर फेकला गेला. विलासराव रडले. अन्वयनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, पाच फूट साडेआठच, मामा. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि लोक इतके...

"खोटं."

आवाज लांबून आला. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या, मीही, धावून परत येऊन बसलो होतो त्या लीलाकाकूंच्या खुर्चीतून. लीलाकाकूंच्या हातातली किटली तिरकीच राहिली आणि आप्पांची खारी चहात बुडाली. लाउडस्पीकरवर अजून चालू असलेलं मंगलाष्टक स्पष्ट ऐकू येऊ लागलं. भटजींचा आवाज बसला होता.

खुर्च्यांच्या दोन ओळी जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, तिथे एक पिवळा ठिपका होता. मामाकडून नवरीला देतात त्या साडीचा पिवळा. तो हलत होता. जवळ येत होता की तेवढाच होता, हे मला नजरेनं सांगता येईना, आणि टेपकडे हात जाईना.

"मी हाक नव्हती मारली, मामा. मला लाज वाटली. मी नुसती उतरले आणि चालायला लागले. अजून चालतेय."